समुद्रावरचे गुळगुळीत रस्ते

दोस्तांनो, वारा मंद असताना समुद्र कधी नीट न्याहाळलाय? सगळीकडे बारीक लहरी उठत असतात आणि मधूनच एखादा गुळगुळीत पट्टा लांबवर गेलेला दिसतो. जणू पाण्यावरचा रस्ताच! कुठल्या तरी जहाजानं तेल सांडलं असेल, असं वाटतं ना? पण पुष्कळदा हे ‘तेल’ समुद्रातल्याच जीवांचं असतं.

पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या सूक्ष्म जीवांना प्लवक म्हणतात. त्यांतले डायटम सूर्यप्रकाशावर आपलं अन्न बनवतात आणि थोडं तेलाच्या थेंबांच्या रूपात साठवतात. त्यांना खाणारे कितीतरी कोपेपॉड, म्हणजे कोळंबीचे चिमुकले भाऊबंद, अंगात चक्क तेलाची पिशवी बाळगतात! हे जीव मेले किंवा कुणी त्यांना खाल्लं, की त्यांच्यातली स्निग्ध द्रव्यं वर येऊन पाण्यावर पसरतात.

हा थर किती पातळ? एका मिलिमीटरचे पाच लाख भाग करा, त्यातला साधारण एक! पण त्याची ताकद बघा. लहर उठताना थर ताणला जातो, आणि ताणलेला थर लहरीला मागे ओढतो. मोठ्या लाटांचं फारसं काही बिघडत नाही, पण बारीक लहरी मात्र विरून जातात. बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळच्या क्लॅपहॅम इथल्या तळ्यात चमचाभर तेल ओतून पाहिलं होतं. सुमारे अर्धा एकर, म्हणजे वीस गुंठे पाणी आरशासारखं झालं! ही हकीकत 1774 साली छापून आली.

आता पट्टे का पडतात? समुद्राच्या पोटातही लाटा असतात. त्यांच्यामुळे पृष्ठभागावरचं पाणी काही ठिकाणी एकत्र येतं, आणि तिथे थर जमतो. त्याच्याबरोबर प्लवकही जमतात. मग काय, माशांच्या पिल्लांना पंगतच!

पण या पंगतीत एक नको असलेला पाहुणाही येतो. हवाई बेटांजवळच्या अशा पट्ट्यांचा अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. तिथे माशांची पिल्लं भरपूर होती, पण प्लॅस्टिकचे तुकडे त्यांच्या सातपट! आसपासच्या पाण्यापेक्षा पट्ट्यांत प्लॅस्टिक 126 पट दाट होतं. काही पिल्लांच्या पोटातही ते सापडलं.

पिल्लांना बिचाऱ्यांना काय कळणार, खाऊ कुठला आणि कचरा कुठला? ते आपल्याला कळतं. तेव्हा पुढच्या वेळी समुद्रावर जाल तेव्हा गुळगुळीत रस्ता जरूर शोधा. आणि खाऊची रिकामी पिशवी मात्र आठवणीनं घरी परत आणा, बरं का!