विहिरीतला कंदील आणि अरबी समुद्र

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप.

लातूरकडं आमच्या गावात जुन्या विहिरीचा गाळ काढायच्या आधी आजोबा पेटता कंदील दोरीनं खाली सोडायचे. कंदील विझला, की कुणी आत उतरायचं नाही. खाली ऑक्सिजन कमी आहे, एवढं कळायचं. आजचा विषय तोच, फक्त विहिरीच्या जागी अरबी समुद्र.

या समुद्रात साधारण 150 ते 1000 मीटर खोलीच्या थरात ऑक्सिजन फारच कमी, काही ठिकाणी तर जवळपास शून्य असतो. पावसाळ्यात हे खालचं पाणी किनाऱ्याकडं वर सरकतं. मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोव्यासमोर तळाजवळचे मासे एकतर पळतात, नाहीतर गुदमरतात. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था 1997 पासून कांदोळीसमोर याची मोजमापं घेत आली आहे.

मोजायची जुनी पद्धत विंकलरची, 1888 सालची. बाटलीत पाणी भरा, रसायनं घाला, टायट्रेशन करा. आजही खात्रीची तीच. पण प्रत्येक आकड्यासाठी बोट न्यायची म्हणजे किती आकडे मिळणार?

म्हणून ऑप्टोड. एका पातळ पापुद्र्यात रंगद्रव्य असतं. त्यावर निळा प्रकाश पाडला की ते लाल चमकतं. ऑक्सिजनचा रेणू येऊन धडकला की ती चमक विझते. म्हणजे आजोबांच्या कंदिलाच्या बरोब्बर उलटं! आता खरी हुशारी बघा: चमक किती तेजस्वी आहे हे मोजत नाहीत, ती किती मायक्रोसेकंद टिकते ते मोजतात. का? रंग फिका पडला तर तेज कमी होतं, पण टिकण्याच्या वेळेवर त्याचा फारसा परिणाम होत नाही.

असा सेन्सर संस्थेनं स्वतः बनवलेल्या ‘माया’ या स्वयंचलित पाणयानावर बसतो. वजन 55 किलोच्या आसपास, 200 मीटरपर्यंत बुडी. पाण्याखाली जीपीएस चालत नाही, त्यामुळं वर आल्यावरच आपण नेमके कुठं आहोत हे त्याला नक्की कळतं.

त्याहून खोल जायला आर्गो फ्लोट. भारताचे फ्लोट सांभाळणारी इन्कॉइस ही संस्था हैदराबादला आहे. नांदेडकरांना मुंबईपेक्षा जवळ! फ्लोट दर 10 दिवसांनी 2000 मीटरवरून वर येतो आणि उपग्रहाला आकडे पाठवतो.

पण ऑप्टोड नुसता कपाटात पडून राहिला तरी हळूहळू कमी दाखवायला लागतो. आमचा सर्व्हर बिघडला तर रिस्टार्ट मारता येतो; समुद्रात सोडलेल्या फ्लोटकडं कोण जाणार? यावर उपाय निघाला तो भारी आहे. काही फ्लोटवर ऑप्टोड दांडीवर उंच बसवतात. वर आला की तो चक्क हवेतला ऑक्सिजन मोजतो. हवेत किती असायला हवा हे माहीतच असतं, त्यामुळं किती चूक होतेय ते लगेच सापडतं आणि मागचे आकडे दुरुस्त करता येतात.

पुढच्या भागात पीएच. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल का होतो, तिथून सुरू करू.