रग कच्च्यात की शिजलेल्यात?

सांगली-साताऱ्याकडे खुराक तिघांचा बोलला जातो: पैलवानाचा, शर्यतीच्या बैलाचा आणि कारवान कुत्र्याचा. पहिल्याचा मान अर्थात मोठा. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून ऑलिंपिकचं कांस्यपदक आणलं, कवठेपिरानच्या मारुती मानेंनी १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये सुवर्ण मिळवलं. अशा मुलखात दुधात कच्चं अंडं फोडून घटाघटा पिणं ही ताकदीची खूणच. तालमीतली ही रीत गोठ्यात गेली. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना वाट मोकळी करून दिली आणि खिलाराच्या खुराकाच्या गप्पांना पुन्हा ऊत आला. त्यात दूध आलं, कणकेचे गोळे आले, अंडीही आली. बैल शाकाहारी, पण त्याला विचारतो कोण? कुत्र्याचं त्यातल्या त्यात रास्त. अंडं त्याला खरोखर पचतं आणि लागूही पडतं.

जत-आटपाडीपासून साताऱ्याच्या माण-खटावपर्यंतचा पट्टा कमी पावसाचा, मेंढरांचा. लांब तोंडाचं, पोट पाठीला लागलेलं कारवान कुत्रं इथल्या वस्त्यांवर दिसतं. हद्दीपलीकडे कर्नाटकात त्याच घराण्याला मुधोळ म्हणतात. २००५ साली टपाल तिकिटावर ते याच नावाने आलं. पूर्वी ही कुत्री सशामागे सोडत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती शिकार गुन्हा ठरली; आता राखण आणि हौस. एरवीचं खाणं म्हणजे शाळूची भाकरी ताकात किंवा दुधात कुस्करून. भाकरीने पोट भरतं, पण ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी असतं आणि स्नायू बांधायला ते लागतं. अंड्यात ते भरपूर. एका अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास प्रथिन आणि साधारण ७० उष्मांक. म्हणजे भाकरीत जे नाही, ते नेमकं अंड्यात आहे.

जतकडच्या एका वस्तीवर, तात्या-काकूंच्या घरी, हा अंड्याचा खुराक होताना मी चुलीपाशी बसून पाहिला. कुत्री तात्यांची, कोंबड्या काकूंच्या. हा भेद महत्त्वाचा. खुराड्यातली गावरान अंडी काकू बाजारला नेतात, तो पैसा त्यांचा. कुत्र्यांसाठी पोल्ट्रीच्या अंड्यांचा ट्रे येतो. तात्यांना यात कुत्र्यांचा अपमान वाटतो, पण पोषणात दोन्हींत फारसा फरक नाही. फरक आहे तो दरात.

काकूंनी आधी अंडी पाण्याच्या भगुण्यात सोडली. तळाला आडवी पडली ती ताजी, एक उभं राहिलं ते जुनं पण चालणारं. तरंगलं असतं तर उकिरड्यावर गेलं असतं. मग जर्मनच्या पातेल्यात गार पाण्यातच अंडी ठेवून जाळ केला. उकळत्या पाण्यात थंड अंडं टाकलं की तडकतं. उकळी फुटल्यावर दहा-बारा मिनिटं, मग लगेच गार पाण्यात. जास्त वेळ राहिलं तर बलकाभोवती हिरवट-करडं कडं धरतं; ते बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक एकत्र आल्याने. अपाय काही नाही, वास मात्र येतो. सोललेली अंडी काकूंनी परातीत मुठीनेच चुरली आणि भाकरीच्या कुस्कऱ्यात अशी कालवली, की पिवळा कण वेगळा दिसू नये. मीठ नाही, तिखट नाही, तेल नाही. अख्खं अंडं टाकलं तर ही कुत्री न चावता गिळतात. कालवलं की निदान चार घास तरी होतात. भांडं खाली ठेवल्यावर तेवढाही वेळ लागला नाही.

तात्यांचं म्हणणं वेगळं. "शिजवलं म्हंजे त्यातली रगच गेली की. पैलवान काय उकडून पितोय व्हय?"

या प्रश्नाला उत्तर आहे. १९२७ साली लंडनमध्ये मार्गारेट बोआस या संशोधिकेने उंदरांना वाळवलेल्या कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यावर ठेवलं, तेव्हा त्यांचे केस गळले आणि कातडी खराब झाली. पुढे कारण कळलं: कच्च्या पांढऱ्यात अविडिन नावाचं प्रथिन असतं, ते बायोटिन हे जीवनसत्त्व धरून ठेवतं आणि अंगी लागू देत नाही. शिजवलं की अविडिनची पकड सुटते. बलकात बायोटिन असतं, त्यामुळे एखादं कच्चं अंडं खाल्लं म्हणून कुत्र्याचे केस गळत नाहीत. रोजच्या रतिबाला मात्र हा धोका कशाला घ्यायचा? रगेचं म्हणाल, तर बेल्जियममध्ये १९९८ साली माणसांवर प्रयोग झाला. शिजलेल्या अंड्याचं प्रथिन ९१ टक्क्यांच्या आसपास पचलं, कच्च्याचं जेमतेम ५१. शिवाय साल्मोनेला. कुत्रं ठणठणीत दिसतं, पण ते जंतू त्याच्या विष्ठेतून अंगणात येतात, आणि अंगणात पोरं रांगत असतात.

किती द्यायचं, याबाबत तालमीचं गणित कुत्र्याला लावू नये. पशुवैद्यांचा ठोकताळा असा, की रोजच्या खाण्याबाहेरचं जे काही असेल ते एकूण उष्मांकांच्या दहाव्या हिश्शात बसावं. बावीसेक किलोच्या पळणाऱ्या कुत्र्याला दिवसाला हजार-अकराशे उष्मांक लागतात. म्हणजे एक अंडं सहज बसतं. सहा किलोच्या पॉमेरेनियनला अर्धं पुष्कळ. नवं नवं देताना चतकोर द्यावं आणि दोन दिवस खाज, जुलाब होतात का पाहावं. काहींना अंड्याचीच ॲलर्जी असते. स्वादुपिंडाचा त्रास होऊन गेलेल्या कुत्र्याला बलकातली चरबी बाधते. त्याला डॉक्टरांना विचारूनच द्यावं.

साताऱ्यात, शहरात, तऱ्हा उलटी. तिथल्या लॅब्राडॉरना भाकरी नाही आणि धावणंही नाही. घरच्या ऑम्लेटचा तुकडा मात्र हक्काचा. संध्याकाळी भुर्जीच्या गाडीवर कौतुकाने कुत्र्यापुढेही कागद सरकवला जातो. भुर्जीत कांदा असतो, आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. अंडं चांगलं, म्हणून भुर्जी चांगली होत नाही.

टरफलं काकू टाकत नाहीत. धुऊन, उकळून, उन्हात कडकडीत वाळवून पाट्यावर वस्त्रगाळ पूड करतात आणि व्यालेल्या कुत्रीच्या भाकरीत चिमूटभर घालतात. टरफल जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट. अर्धा चमचा पुडीत ग्रॅमभर कॅल्शियम निघतं. चिमूट ठीक आहे. पिल्लांना मात्र ही पूड अंदाजाने घालू नये. वाढत्या वयात जादा कॅल्शियम अंगाबाहेर टाकणं त्यांना जमत नाही आणि उंच जातीच्या पिल्लांची हाडं वाकडी वाढतात.

अविडिन, बेल्जियम वगैरे तात्यांनी ऐकून घेतलं, पाव्हण्याचा मान राखायला मान हलवली. पण या घरात अंडी उकडायला लागली त्याचं कारण वेगळंच, आणि ते काकूंनी सांगितलं. आधी तात्या कच्चं अंडं कुत्र्यासमोरच फोडून दुधात घालायचे. टरफलातला चिकट रस कुत्रं चाटायचं. मग एका सकाळी खुडूक कोंबडीखालची सगळी अंडी गायब, आणि खुराड्याच्या दाराशी टरफलं.

"एकदा चटक लागली की कुत्रं खुराडं सोडत नाही," काकू म्हणाल्या. "ह्यांना म्हनलं, उकडून घाला, न्हाईतर माझ्या अंड्यांचं पैसं तुम्ही द्या."