केरळ १९५९ : पैसा कुणाचा, निर्णय कुणाचा?

डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन १९७३ ते १९७५ या काळात दिल्लीत अमेरिकेचे राजदूत होते. त्या दिवसांत इंदिरा गांधी वारंवार ‘परकीय हाता’कडे बोट दाखवत. सप्टेंबर १९७३ मध्ये चिलीतले साल्वादोर आयेंदे यांचे निवडून आलेले सरकार लष्कराने उलथवले होते. आपल्याबाबतही तसेच घडवण्याचा डाव आहे, ही भीती त्या उघड बोलून दाखवत. मॉयनिहन यांनी मग वकिलातीच्या जुन्या नोंदी चाळायला लावल्या आणि हाती जे लागले ते १९७८ मध्ये ‘अ डेंजरस प्लेस’ या पुस्तकात लिहिले. भारतातल्या एखाद्या पक्षाला पैसा पुरवण्यापर्यंत अमेरिकेची मजल दोनदा गेली होती, एकदा केरळात आणि एकदा पश्चिम बंगालमध्ये. दोन्ही वेळा राज्यात कम्युनिस्ट निवडून येतील अशी धास्ती होती. दोन्ही वेळा पैसा काँग्रेसला मिळाला आणि तो काँग्रेसनेच मागितला होता. त्यातल्या एका वेळी तर तो खुद्द इंदिरा गांधींकडे दिला गेला, त्या पक्षाच्या पदाधिकारी असताना. इंदिराबाईंनी हा आरोप साफ नाकारला.

तेव्हापासून केरळ १९५९चा विषय निघाला की चर्चा याच वळणावर येऊन थांबते. ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचे सरकार अमेरिकेने पाडले, असे एक बाजू म्हणते. ते स्वतःच्या कर्माने आणि जनतेच्या रोषाने पडले, असे दुसरी बाजू म्हणते. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात, कारण तीन वेगळे प्रश्न दोन्हीकडे एकाच गाठोड्यात बांधले जातात. असंतोष कुणाचा होता? पैसा कुणाचा होता? आणि बहुमतातले सरकार घालवण्याचा निर्णय कुणाचा होता?

असंतोषापासून सुरुवात करू. ५ एप्रिल १९५७ रोजी ईएमएस मुख्यमंत्री झाले. विधानसभेच्या १२६ जागांपैकी कम्युनिस्ट पक्षाच्या ६० आणि सोबतीला पाच अपक्ष, असे काठावरचे बहुमत होते. मतपेटीतून सत्तेवर आलेले भारतातले हे पहिले कम्युनिस्ट सरकार. सहाव्याच दिवशी, ११ एप्रिलला, कुळांना जमिनीवरून काढण्यास मनाई करणारा वटहुकूम निघाला. पुढे महसूलमंत्री के. आर. गौरी यांचे जमीनविषयक विधेयक आले आणि शिक्षणमंत्री जोसेफ मुंडश्शेरी यांचे शिक्षण विधेयकही. खरी ठिणगी पडली ती या शिक्षण विधेयकावरून.

हे विधेयक नेमके कुणाच्या मुळावर येत होते, ते पाहण्यासारखे आहे. केरळातल्या खासगी अनुदानित शाळांचा मोठा हिस्सा चर्च आणि नायर सर्व्हिस सोसायटीसारख्या संस्थांकडे होता. पगाराचे अनुदान सरकारकडून यायचे, पण शिक्षकाला नेमायचे कुणी, काढायचे कुणी आणि त्याच्या हातावर किती रक्कम ठेवायची, हे व्यवस्थापक ठरवायचा. पूर्ण पगाराच्या पावतीवर सही घेऊन कमी पैसे देण्याचा प्रकार तिथे सर्रास चाले. विधेयकाने पगार सरकारकडून थेट शिक्षकाला देऊ केला आणि नेमणुका लोकसेवा आयोगाच्या यादीतून करण्याची अट घातली. शिक्षकाच्या दृष्टीने ही सुटका होती. बिशपांच्या दृष्टीने ते धर्माच्या कारभारात घुसणे होते. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी विधेयक सर्वोच्च न्यायालयाच्या मतासाठी पाठवले, मे १९५८ मध्ये न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या हक्कांच्या बाजूने काही कलमांवर बोट ठेवले, त्यानुसार दुरुस्त्या झाल्या आणि १९५९च्या सुरुवातीला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. घटनेने आखून दिलेली वाट शेवटपर्यंत चालून झाली होती. तरीही चर्च आणि मन्नत्तु पद्मनाभन यांची नायर सोसायटी एकत्र आली. एरवी या दोघांचे फारसे जमत नसे. शाळांनी आणि जमिनींनी ती एकजूट घडवली.

सरकारनेही विरोधकांच्या हाती आयते कोलीत दिले, हे डाव्या मित्रांनी मोकळेपणाने मान्य करायला हवे. मजुरांच्या लढ्यात पोलीस पडणार नाहीत, असे सरकारने जाहीर केले होते. त्याच सरकारच्या पोलिसांनी जुलै १९५८ मध्ये चंदनत्तोप येथे काजू कामगारांवर गोळ्या झाडल्या, त्यात दोघे गेले. पोलीस ठाण्यात पक्षाच्या स्थानिक सेलचा शब्द चालतो, ही तक्रार गावोगाव होती आणि ती सगळीच खोटी नव्हती. त्याच वर्षी कुट्टनाडच्या पाणथळ भागात विद्यार्थी रस्त्यावर उतरले. तिथे शाळेत जायचे ते बोटीने, आणि भाडे होते एक आणा. बोटसेवा सरकारने ताब्यात घेतल्यावर ते वाढले. केरळात ‘एक आण्याचा लढा’ या नावानेच तो ओळखला जातो. केरळातल्या काँग्रेसची पुढची एक पिढी त्यातूनच उभी राहिली. असे लढे वॉशिंग्टनमधून उभे करता येत नाहीत. तो आणा पोरांच्याच खिशातला होता.

जून १९५९ मध्ये ‘विमोचन समरम्’, म्हणजे मुक्तिलढा, पुकारला गेला. १३ जूनला अंगमालीत पोलिसांच्या गोळीबारात सात जण ठार झाले. ३ जुलैला तिरुवनंतपुरमजवळच्या किनारी वस्तीत फ्लोरी नावाची गरोदर कोळीण गोळीला बळी पडली. तिच्या मृत्यूने आंदोलनाचा रंगच पालटला. मन्नत्तु पद्मनाभन यांनी अंगमालीहून तिरुवनंतपुरमपर्यंत यात्रा काढली. शाळा बंद, कचेऱ्यांवर धरणे, तुरुंग भरलेले. जूनच्या अखेरीस नेहरू येऊन पाहून गेले. सरकारने स्वतःहून निवडणुका घ्याव्यात, ही त्यांची सूचना ईएमएस यांनी मानली नाही.

आता पैशाकडे येतो. इथे मराठी वाचकाने विशेष लक्ष द्यावे, कारण या गोष्टीत मुंबईचे एक नाव येते.

मॉयनिहन यांच्यानंतर आणखी दोन साक्षी पुढे आल्या. एल्सवर्थ बंकर १९५७ ते १९६१ या काळात दिल्लीत राजदूत होते. उतारवयात ध्वनिमुद्रित केलेल्या आठवणींत त्यांनी काँग्रेसला गुप्तपणे पैसा दिल्याचे मान्य केले. रशियाकडून स्थानिक कम्युनिस्टांना पैसा मिळत होता, मग आम्ही आमच्या मित्रांच्या मदतीला गेलो, अशी त्यांची बाजू होती. हॉवर्ड शेफर यांनी २००३ मध्ये लिहिलेल्या बंकर यांच्या चरित्रामुळे ही साक्ष चर्चेत आली. दुसरी साक्ष डेव्हिड बर्जेस यांची. ते १९५५ ते १९६० या काळात त्याच वकिलातीत कामगारविषयक अधिकारी होते. निवृत्त अमेरिकी मुत्सद्द्यांच्या मौखिक इतिहासात त्यांनी सांगितले की सीआयएचा पैसा स. का. पाटील यांच्याकडे गेला आणि त्यातून केरळ सरकारविरुद्धची निदर्शने उभी राहिली.

सदाशिव कानोजी पाटील. कोकणातून आलेले, तीनदा मुंबईचे महापौर झालेले, काँग्रेससाठी निधी उभारण्यात ज्यांचा हात धरणारा कुणी नव्हता असे नेते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात लोकांनी त्यांच्यावर जो राग धरला तो १९६७ मध्ये जॉर्ज फर्नांडिस यांनी त्यांना हरवले तेव्हाही विझलेला नव्हता. केंद्रात अन्नमंत्री असताना मे १९६० मध्ये वॉशिंग्टनला जाऊन त्यांनी पीएल-४८० या अमेरिकी अन्नसाहाय्य कायद्याखाली १ कोटी ७० लाख टन धान्याचा करार केला, अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या उपस्थितीत. अमेरिकेशी त्यांची जवळीक लपलेली नव्हती. पण जवळीक हा पुरावा नव्हे. पाटील १९८१ मध्ये गेले आणि बर्जेस बोलले ते त्यानंतर. ज्याच्यावर आरोप आहे तो उत्तर द्यायला हयात नसताना एका माणसाच्या आठवणीवर शिक्का मारणे मला पटत नाही. मुंबईच्याच दुसऱ्या नेत्याचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. मोरारजी देसाई सीआयएचे पगारी खबरे होते, असे सेमूर हर्श यांनी १९८३ मध्ये लिहिले. मोरारजींनी अमेरिकेत दावा लावला आणि १९८९ मध्ये निकाल हर्श यांच्या बाजूने लागला. तरीही हर्श यांचे म्हणणे खरे ठरले असे त्यातून होत नाही. तिथल्या कायद्यानुसार लेखकाने जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने खोटे लिहिले हे सिद्ध करण्याचा भार मोरारजींवर होता आणि तो त्यांना पेलला नाही, एवढेच.

म्हणून या साक्षी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत. तसे केले की एक फरक दिसतो, आणि सगळा वाद मला त्या फरकावर टेकलेला दिसतो. मॉयनिहन निवडणुकीबद्दल बोलतात. केरळात ती निवडणूक झाली १ फेब्रुवारी १९६० रोजी, म्हणजे सरकार गेल्यानंतर सहा महिन्यांनी. बर्जेस निदर्शनांबद्दल बोलतात, म्हणजे सरकार जाण्यापूर्वीच्या काळाबद्दल. पैसा फक्त निवडणुकीत गेला असेल, तर अमेरिकेने कम्युनिस्टांना परत येऊ न देण्यासाठी मदत केली. निदर्शनांतही गेला असेल, तर निवडून आलेले सरकार घालवण्यात तिचा वाटा होता. दोन्ही गोष्टी निंद्यच, पण त्या एक नाहीत. ‘अमेरिकेने सरकार पाडले’ हे वाक्य बर्जेस यांच्या एकट्याच्या साक्षीवर उभे आहे, आणि तेवढ्या आधारावर ते मी ठामपणे म्हणणार नाही. ‘अमेरिकेने पैसा दिला’ एवढे मात्र तिघांच्या बोलण्यातून निघते, आणि तिघेही देणाऱ्यांच्या घरातले आहेत. ते आता नाकारण्यात अर्थ नाही.

पैसा रशियाकडूनही येत होता, हे बंकर यांचे म्हणणे निराधार नव्हते. भारतीय कम्युनिस्ट पक्षाला मॉस्कोकडून मिळालेल्या निधीबद्दल पुढे सोव्हिएत गुप्तहेर संस्था केजीबीचे फुटलेले अभिलेखपाल मित्रोखिन यांच्या कागदांवर आधारलेल्या ग्रंथात बरेच आले. पण एका परक्याने लाच दिली म्हणून दुसऱ्या परक्याची लाच शुद्ध होत नाही. शिवाय मॉस्कोचा पैसा कितीही आला असला, तरी ईएमएस मुख्यमंत्री झाले ते केरळच्या मतदारांमुळे.

उरला निर्णय. ३१ जुलै १९५९ रोजी राज्यपाल बी. रामकृष्ण राव यांच्या अहवालाचा आधार घेऊन कलम ३५६ खाली सरकार बरखास्त झाले. विधानसभेत त्याचे बहुमत शाबूत होते. फेब्रुवारीत काँग्रेसच्या अध्यक्ष झालेल्या इंदिरा गांधी बरखास्तीसाठी आग्रही होत्या. नेहरू कचरत होते, आणि अखेर त्यांनी मान तुकवली. इंदिराबाईंचे पती आणि काँग्रेसचे खासदार फिरोझ गांधी यांनी या मार्गाला विरोध केला, पक्ष जातीय आणि धार्मिक संघटनांच्या खांद्याला खांदा लावतो आहे हेही बोलून दाखवले, पण ते एकटे पडले. मंत्रिमंडळाचा तो सल्ला, राष्ट्रपतींची ती सही, यांपैकी काहीही कुणा परक्याच्या हातून झालेले नाही. परकीय पैशाने आंदोलनाला बळ आले असेल, तिथल्या असंतोषाला त्याने धार चढली असेल. घटनेचे कलम मात्र दिल्लीने वापरले, आणि आपला पक्ष ज्या राज्यात हरला होता त्या राज्यात वापरले. माझ्या लेखी सर्वांत मोठा दोष हा आहे, आणि ‘परकीय हात’ म्हटल्याने नेमका तोच नजरेआड होतो. तसे म्हटले की डाव्यांना चंदनत्तोपकडे पाहावे लागत नाही आणि काँग्रेसला कलम ३५६कडे.

त्या काही महिन्यांत हेच काँग्रेस अध्यक्षपद महाराष्ट्रासाठी वेगळ्या रीतीने वापरले जात होते. द्विभाषिक मुंबई राज्य मोडून मराठी राज्य द्यावे, यासाठी इंदिराबाईंनी नेहरूंकडे जोर लावला. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीने निवडणुकीत जो दणका दिला होता त्याचा तो परिणाम, आणि त्या समितीत कम्युनिस्ट होते, डांगे होते. इकडे मतपेटीचा कौल ऐकून राज्य दिले गेले आणि तिकडे मतपेटीचा कौल मुदतीपूर्वी मोडला गेला. आमच्याकडे १ मे १९६०च्या आठवणी निघतात तेव्हा त्यांना लागून असलेले केरळचे हे पान कुणी उलटत नाही, याची मला खंत आहे.

फेब्रुवारी १९६०च्या निवडणुकीत काँग्रेस, प्रजासमाजवादी आणि मुस्लिम लीग एकत्र लढले. ८० टक्क्यांहून अधिक मतदान झाले. कम्युनिस्टांच्या जागा निम्म्याहून कमी झाल्या, पण मतांचा वाटा सुमारे ३५ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर गेला. प्रजासमाजवादी पक्षाचे पट्टम थाणू पिल्लै मुख्यमंत्री झाले. ईएमएस १९६७ मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले. बहुमताची कसोटी राजभवनात नव्हे तर सभागृहात लागली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने बोम्मई खटल्यात सांगितले ते १९९४ मध्ये. ईएमएस यांच्या सरकारच्या बाबतीत ती कसोटी लागली असती, तर ३१ जुलैला ते टिकलेच असते.

या वादातली सर्वांत मोठी उणीव अजून तशीच आहे. देणारे बोलले, आणि तेही राजदूत, अधिकारी, चरित्रकार अशा वेगवेगळ्या तोंडांनी. घेणाऱ्यांच्या बाजूने एक नकार सोडला तर शांतता आहे. ज्या पक्षाने पैसा मागितला असे म्हटले जाते, त्याने १९५९-६० सालचा केरळचा निवडणूक खर्च आणि त्याचे स्रोत लोकांपुढे ठेवावेत, ही मागणी गैर नाही. पण या बाबतीत सगळ्या पक्षांचे हितसंबंध एक आहेत. परदेशी देणग्यांना पक्षांची दारे बंद करणारा कायदा १९७६ मध्ये, आणीबाणीत, इंदिरा गांधींच्याच सरकारने आणला. काँग्रेस आणि भाजप या दोघांनीही तो मोडल्याचा ठपका दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठेवला. त्यावर २०१८च्या वित्त विधेयकातून परदेशी स्रोताची व्याख्या ५ ऑगस्ट १९७६पासूनच बदलण्यात आली, म्हणजे ठपक्याचा आधारच पूर्वलक्षी प्रभावाने काढून घेतला गेला. लोकसभेत ते विधेयक चर्चेविना मंजूर झाले.