कारभार सोपवला, पण हात रिकामे कशाला?

सरकारी नोकराच्या निवृत्तीची तारीख ठरलेली असते. वयाची ५८ वर्षे भरली की हार, शाल, नारळ. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जायचे कुठे, हा प्रश्न. माझीही ती तारीख आता जवळ आली आहे. शेतकऱ्याला मात्र अशी तारीख कोणी कळवत नाही. एखाद्या वर्षी मुलगा न विचारता आपल्या मनाने बियाणे घेऊन येतो. त्या दिवशी बापाने ओळखायचे, की आता आपण निवृत्त झालो.

लातूर जिल्ह्यातील एका गावी मला असेच एक आबा भेटत. बारा एकरांचा कारभार त्यांनी चाळीस वर्षे एकहाती केला होता. गुडघे बोलू लागले, तेव्हा त्यांनी शेत मुलाच्या हवाली केले. पण सुंभ जळाला तरी पीळ जातो थोडाच! मुलगा फवारणीला निघाला की ओट्यावरून आवाज येई, "वारं बघितलंस का?" मोटार बंद केली तर "का बंद केली?", चालू ठेवली तर "पाणी वाया चाललंय." सूनबाई तर अगदी मेटाकुटीला आलेली.

एकदा मुलगा बांधावर मला हळूच म्हणाला, "साहेब, आबांना काहीतरी सांगा. शेत दिलं, पण मन सोडवत नाही त्यांना." त्याच संध्याकाळी आबांनीही आपले दुःख सांगितले. "घरात कुणी इचारत न्हाई, साहेब. म्हातारा माणूस म्हंजे गोठ्यातलं जुनं जू. फेकवत न्हाई अन् जुंपवत न्हाई."

दोघांचेही खरे होते. मुलाला मोकळीक हवी होती आणि बापाला काम हवे होते. काम मिळेना, म्हणून बाप सल्ले देत होता.

त्यानंतर २०२० चा खरीप आला. त्या वर्षी सोयाबीन उगवले नाही, अशा तक्रारी राज्यभरातून आल्या. आदल्या वर्षी काढणीच्या वेळी पाऊस झाला होता आणि पुष्कळ ठिकाणी बियाणे भिजले होते. या गावातही अनेकांवर दुबार पेरणीची पाळी आली. त्यांत आबांचा मुलगाही होता.

पुढच्या उन्हाळ्यात मी एक गोणपाट घेऊन आबांच्या ओट्यावर बसलो. म्हटले, "आबा, उगवण तपासायची. आधी घरची, मग गल्लीची."

काम सोपे, पण सबुरीचे आहे. गोणपाट भिजवून, पिळून जमिनीवर पसरावे. पोत्यातून १०० दाणे जसे हाती येतील तसे घ्यावेत. चांगले चांगले निवडू नयेत. दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी सुट्या मांडाव्यात. वर दुसरे ओले गोणपाट घालून अलगद गुंडाळी करावी, सावलीत ठेवावी आणि रोज पाणी शिंपडावे. सहा-सात दिवसांनी उलगडून निरोगी मोड आलेले दाणे मोजावेत. ७० किंवा अधिक उगवले, तर एकरी ३० किलो बियाणे पुरते. ६० उगवले, तर ३५ किलो लागते. त्याहून कमी उगवले, तर ते बियाणे पेरूच नये.

आबांनी पहिल्यांदा घरचेच बियाणे लावले. मुलाने पेरायला राखलेले पोते होते. सातव्या दिवशी गुंडाळी उघडली, तर ५४ दाणे. मी मनात म्हटले, आता आबा बोलणार. पण आबांनी काहीच सुनावले नाही. गोणपाट मुलापुढे सरकवले आणि म्हणाले, "तूच मोज." मुलाने दोनदा मोजले. ते पोते बाजूला पडले आणि बियाणे बदलले गेले. पेरणीपूर्वी एका वर्षाचे नुकसान टळले.

मग शेजारी आपापले दाणे पुडीत बांधून आणू लागले. आबा भिंतीवर खडूने नाव आणि आकडा लिहीत. एकाचे ४० च उगवले, तेव्हा तो चिडून गेला. आबांनी त्याच्यासमोर पुन्हा लावून दाखवले. दुसऱ्या खेपेला ४२ निघाले, आणि तो मुकाट्याने बियाणे बदलायला गेला.

पावसाळ्यात आबांनी आणखी एक काम हाती घेतले. उभ्या सरळ कडांची, सपाट बुडाची बरणी उघड्यावर ठेवायची आणि रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजायचे. एक सेंटिमीटर पाणी म्हणजे १० मिलिमीटर पाऊस. नात वहीत आकडा मांडते. सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर करावी, हे आम्ही सभांतून घसा कोरडा होईपर्यंत सांगतो. पण पहिल्या सरीला तिफण बाहेर काढू पाहणाऱ्याला आबांची वही जे समजावते, ते आमच्या भाषणाला जमत नाही. आता मुलगाच सकाळी विचारतो, "आबा, किती झाला?" घरातली धुसफूस त्या एका प्रश्नाने निम्मी झाली.

आजीबाईंचेही तसेच. वाल, घेवडा, दोडका, भोपळा यांचे गावठी बी राखेत घालून जपण्याची विद्या त्यांच्याच हाती आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. पण त्यांनी गावठी वाणांची बियाणे बँक उभी केली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. प्रत्येक आजीला पद्मश्री मिळणार नाही, पण प्रत्येक गल्लीला अशी एक आजी मिळू शकते.

वडीलधाऱ्या मंडळींना माझे एवढेच सांगणे आहे. किल्ल्या दिल्या असतील, तर खरोखर द्या; विचारल्याशिवाय सल्ला नको. त्याऐवजी धावपळीच्या माणसाला सवड नसते असे एखादे लहान काम धरा आणि ते रोज, ठरल्या वेळी करा. कुणी शाळेच्या आवारात शेवग्याची रोपे करावीत, कुणी उन्हाळ्यात विहिरींची पातळी लिहून ठेवावी, कुणी लिहिता-वाचता न येणाऱ्याचे अर्ज भरून द्यावेत. मुलासुनांनीही रोज एक प्रश्न घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावा. त्याला पैसा लागत नाही.

माझ्या निवृत्तीनंतर मी काय करणार, असे सहकारी विचारतात. मी एक बरणी आणि दोन गोणपाटे आताच बाजूला काढून ठेवली आहेत. शाल-नारळ घेऊन घरी आलो, की दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला पाऊस मोजायचा आहे.