शेवटच्या दिवशी स्कुबा नको

ठाणे किंवा डोंबिवलीहून मॉरिशस, बालीच्या सहलीचा आराखडा आखताना स्कुबा डायव्हिंग शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवण्याचा मोह होतो. दुसऱ्या दिवशी पहाटेचे विमान. नेमके हेच टाळायला हवे.

समुद्रात 10 मीटर खोल गेले की शरीरावरचा दाब दुप्पट होतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये जास्त विरघळतो. वर आल्यावर तो फुप्फुसांवाटे बाहेर पडतो, पण सावकाश. त्याला बरेच तास लागतात. विमानाच्या केबिनमधला दाब साधारण 1800 ते 2400 मीटर उंचीवर असतो तेवढा, म्हणजे हवा कळसूबाईच्या शिखराहूनही (1646 मीटर) विरळ. सोड्याची बाटली उघडावी तसे मग अंगात उरलेल्या वायूचे बुडबुडे होऊ शकतात. सांधे ठणकतात, हातपाय बधिर होतात, चक्कर येते. क्वचित पायांतली शक्तीच जाते.

एकाच साध्या डाइव्हनंतर किमान 12 तास, एकाहून अधिक डाइव्ह झाल्यास किमान 18 तास विमानात बसू नये, असा प्रचलित संकेत आहे. सहलीत पूर्ण 24 तास सोडणेच शहाणपणाचे. पाण्यावर तरंगत केलेल्या स्नॉर्केलिंगला ही अट नाही. दमा, कानाचा त्रास किंवा हृदयविकार असल्यास बुकिंगआधीच आपल्या डॉक्टरांना विचारावे. बोटीवर घाईत फॉर्मवर सही करताना नव्हे.

घरी परतल्यावर सांधे दुखू लागले, मुंग्या आल्या, तर 'प्रवासाचा शीण' म्हणून झोपून जाऊ नये. ताबडतोब रुग्णालय गाठावे आणि स्कुबा केल्याचे आधी सांगावे. न विचारता.