गिरगावचा कॅमेरा, अमृतसरची भिंत

१३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत जमलेल्या लोकांवर जनरल डायरच्या सैनिकांनी १,६५० गोळ्या झाडल्या. काही महिन्यांनी गिरगावचे छायाचित्रकार नारायण विनायक वीरकर तिथे पोचले. घडलेलं टिपायची वेळ टळून गेली होती. साक्षीला उरल्या होत्या भिंती. वीरकरांनी त्याच टिपल्या. त्या छायाचित्रांत, विटांत गोळ्यांनी पाडलेली भोकं उठून दिसावीत म्हणून त्यांच्याभोवती पांढऱ्या खुणा केलेल्या दिसतात. भिंतीशी माणसं उभी आहेत, त्यामुळे गोळ्या किती उंचीवरून गेल्या ते चटकन कळतं. एकही मृतदेह नाही, तरी अंगावर काटा येतो. टिळकांसह अनेक राष्ट्रीय पुढाऱ्यांची छायाचित्रं वीरकरांनी काढली. पण माझ्या मते त्यांचं सर्वांत धाडसी काम हेच.