पॅकिंग बदललं, तरी पाणी कमी होतंच

कळंबोलीहून एक्सप्रेस-वेला लागलेली गाडी खालापूरच्या टोलनाक्यापर्यंत जवळपास सपाट रस्त्यावर धावते. वेग चांगला असतो, समोरचा वारा थेट रेडिएटरवर येतो. मग बोरघाट सुरू होतो. खोपोली समुद्रसपाटीपासून साठेक मीटरवर आणि लोणावळा सहाशेच्या वर. इंजिनाला जोर लावावा लागतो तो इथेच, आणि शनिवारी सकाळी वाहनांची रांग लागली की वारा मिळेनासा होतो तोही इथेच. जळणाऱ्या इंधनातल्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग कूलंटच्या वाटे बाहेर काढावा लागतो. सपाटीवर महिनोन्‌महिने लपलेली बारीक गळती घाटात उघडी पडते, आणि टोचन करून आणलेली गाडी पनवेलच्या एखाद्या गॅरेजात येऊन उभी राहते.

तिथलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “पॅकिंग गेलंय.” म्हणजे गॅस्केट. हे पुष्कळदा खरंही असतं, पण अर्धंच. कोणतं पॅकिंग गेलं आणि ते का गेलं, हे विचारल्याशिवाय नवं बसवलं तर पुढच्या उन्हाळ्यात तीच गाडी, तोच घाट.

“गाडी पाणी खाते, म्हणजे हेड गॅस्केट उडालं”

गाडीमालकाला घाबरवणारा आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच. कूलिंग यंत्रणेत जोड अनेक असतात. वॉटर पंप इंजिनाला जिथे बसतो तिथे एक गॅस्केट किंवा ओ-रिंग असते. थर्मोस्टॅटच्या घराला एक असते. हल्लीच्या रेडिएटरची जाळी अ‍ॅल्युमिनियमची आणि दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. त्यांच्यामध्ये रबराची पट्टी दाबलेली असते, तीही गॅस्केटच. शिवाय होजपाईप, त्यांच्या क्लिपा, हीटरचे पाईप. बाहेरच्या बाजूने गळायला एवढ्या जागा असताना थेट हेडवर बोट ठेवायचं कारण नाही.

हेड गॅस्केटचं काम या सगळ्यांहून वेगळं आणि कठीण. ब्लॉक आणि हेड यांच्यामध्ये बसून सिलिंडरमधला पेटलेला वायू, कूलंट आणि ऑइल या तिघांना एकमेकांपासून दूर ठेवायचं. पूर्वी त्यात अ‍ॅस्बेस्टॉस वापरत, आता बहुतेक गाड्यांत पातळ पोलादी पत्र्यांचे थर असतात. पुष्कळ इंजिनांत ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, आणि अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. हेडची लांबी चाळीस सेंटिमीटर धरली आणि इंजिन सत्तर अंशांनी तापलं, तर दोघांच्या वाढीत सुमारे एक तृतीयांश मिलिमीटरचा फरक पडतो. रोज गाडी चालू-बंद होताना गॅस्केट ही घसट सोसतं. ते त्यासाठीच बनवलेलं असतं. मात्र काटा लाल रेषेत असताना ‘आता लोणावळा आलंच’ म्हणत दामटलेले चार किलोमीटर त्याला सोसत नाहीत. हेड वाकतं, दाब असमान होतो आणि गॅस्केट एका जागी सोडून देतं. म्हणजे गाडी तापली म्हणून गॅस्केट गेलं, हा क्रम जास्त वेळा खरा असतो. आपण सांगतो तो उलटा.

मग हेड गॅस्केट गेल्याचं ओळखायचं कसं? कूलंट घटतंय पण बाहेर कुठेही ओल नाही. थंड इंजिन सुरू करताच काही क्षणांत वरचा होजपाईप दगडासारखा टणक होतो, कारण सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये घुसतोय. टाकीत बुडबुडे थांबत नाहीत. सायलेन्सरमधून इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहतो. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसतं. यातलं एखादंच लक्षण दिसलं तर लगेच निकाल लावू नये. स्टेशनपर्यंत आणि परत एवढीच गाडी चालवणाऱ्यांच्या ऑइल भरायच्या झाकणाखाली पावसाळ्यात फिकट पिवळा लगदा जमतो. तो बहुधा दमट हवेतल्या बाष्पाचा असतो. इंजिन पुरेसं तापतच नाही, मग ते बाष्प उडून जात नाही. लांबची एक फेरी झाली की तो नाहीसा होतो. जुलैत असा लगदा पाहून हेड उघडायला निघालेल्या माणसाला मी थांबवीन.

खात्री करायला दोन साध्या चाचण्या आहेत. एकीत थंड इंजिनाच्या रेडिएटरवर हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरतात आणि काटा खाली येतो का, ते पाहतात. येत असेल तर टॉर्च घेऊन ओल शोधायची. दुसरीत टाकीच्या तोंडावरची हवा एका निळ्या द्रावणातून खेचतात. ज्वलनाचा वायू असेल तर ते पिवळं पडतं. हेड खोलायच्या आधी या दोन्ही करून मागाव्यात. ज्या गॅरेजात ही साधनं नाहीत तिथे निदान हेडचं काम तरी देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

“गाडीखाली पाणी दिसलं, म्हणजे गळती”

एसी चालवून थांबलेल्या गाडीखाली, पुढच्या सीटच्या खाली पडलेलं स्वच्छ, बिनरंगी, बिनवासाचं पाणी हवेतून निथळलेलं असतं. कोकणपट्टीच्या दमट हवेत ते चांगलं वाटीभर पडतं. कूलंट बोटाला बुळबुळीत लागतो, त्याला रंग असतो आणि वाळल्यावर तो पांढरट किंवा रंगीत डाग सोडतो. बोनेटखालचे हे वाळलेले डागच गळतीचा खरा पत्ता सांगतात. ओल मात्र फसवते. पंख्याचा वारा आणि उतार तिला भलत्याच ठिकाणी नेऊन सोडतात.

“रेडिएटरात चमचाभर हळद टाका”

ट्रकवाल्यांची ही जुनी युक्ती, आणि ती अगदीच खोटी नाही. हळदीचे कण पाण्यात फुगतात, गळतीच्या भोकाशी खेचले जातात आणि तिथे अडकून बसतात. तांब्या-पितळेच्या जुन्या, रुंद नळ्यांच्या रेडिएटरवर तिने पुष्कळांना घरी पोचवलं असेल. अडचण अशी की कोणतं भोक बुजवायचं आणि कोणतं नाही, हे हळदीला कळत नाही. आजच्या अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीतल्या नळ्या चपट्या आणि अरुंद असतात, हीटरच्या त्याहून बारीक. तिथेही ती साचते आणि आधीच कमी पडणारं थंडावणं आणखी कमी करते. बाटलीतून मिळणारे महागडे लीक-स्टॉप याच तत्त्वावर चालतात. गॅस्केटची गळती तर यांनी टिकाऊपणे थांबतच नाही, कारण तो जोड गाडी तापताना आणि निवताना हलत असतो. रात्री दोन वाजता आडरानात मोबाइलची रेंज नसेल तर टाका. गाडी उभी करून मदत बोलावणं शक्य असेल तर टाकू नका. टाकलीच, तर मेकॅनिकला सांगा, म्हणजे तो सगळं धुऊन काढेल.

“आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? थर्मोस्टॅट काढून टाका”

हा सल्ला अजूनही आत्मविश्वासाने दिला जातो. मूळ कल्पना अशी की थर्मोस्टॅट पाण्याची वाट अडवतो. तो काढला की इंजिन थंड राहील. वस्तुस्थिती अशी की इंजिनाला थंड राहायचंच नसतं. थर्मोस्टॅट साधारण 80 ते 90 अंशांच्या दरम्यान उघडायला लागतो, कारण त्याच्या आसपासच्या तापमानासाठी इंजिनाची रचना केलेली असते. तो नसेल तर इंजिन उशिरा तापतं. इंजिन थंडच आहे असं समजून संगणक जास्त पेट्रोल सोडत राहतो, ऑइलमधली ओल उडत नाही आणि झीज वाढते. काही इंजिनांत तर उलटाच परिणाम होतो. तिथे थर्मोस्टॅट उघडताना दुसऱ्या टोकाने आडवाट बंद करतो; तोच काढला की कूलंट रेडिएटर टाळून इंजिनातच फिरतो आणि घाटात गाडी जास्त तापते.

आणखी एक बारकी गोष्ट. थर्मोस्टॅटच्या कडेलाच बऱ्याचदा त्याची रबरी सील असते. आतला भाग काढून नुसतं झाकण दाबून बसवलं की जोड नीट भरत नाही. मग तिथे सोल्युशन फासलं जातं, आणि गळतीची नवी जागा तयार होते.

“सोल्युशन जितकं जास्त, तितका जोड पक्का”

झाकण आवळल्यावर बाहेर आलेला सिलिकॉनचा गोठ पाहून काम भक्कम झालं असं वाटतं. जेवढा बाहेर आला, साधारण तेवढाच आतही गेलेला असतो. तो सुटून कूलंटच्या वाटेत फिरतो आणि अरुंद जागी अडकतो. सोल्युशन कुठे लावायचं, हे इंजिन बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. काही जोडांवर फक्त तेच असतं, कागदी गॅस्केटवर काही ठिकाणी पातळ हात चालतो, आणि पोलादी हेड गॅस्केट बहुतेक वेळा कोरडंच बसवायचं असतं. रबरी ओ-रिंगला साधं ग्रीस लावणं तर घातकच. कूलंटच्या जोडांत वापरतात ते रबर खनिज तेलाने फुगतं आणि मऊ पडतं. बसवताना थोडा कूलंट लावला तरी ती सहज सरकते.

खरं काम त्याच्या आधीचं असतं, आणि घाईत तेच टाळलं जातं. जुन्या गॅस्केटचे चिकटलेले तुकडे हॅक्सॉ ब्लेडने खरवडले की अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडे उठतात, आणि प्रत्येक ओरखडा ही गळतीची वाट असते. पॉलिश पेपर किंवा घासायची चकती लावली तर तिची पूड ऑइलमध्ये जाऊन बेअरिंग खाते. प्लास्टिकची खरवडणी, जुनं गॅस्केट मऊ करणारा द्राव आणि वेळ, एवढंच लागतं. हेडच्या बाबतीत याहून जास्त. सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून ते वाकलंय का पाहायचं; पुष्कळ इंजिनांत मर्यादा मिलिमीटरच्या विसाव्या ते दहाव्या भागाइतकी असते. वाकलं असेल तर फेसिंग करून आणायचं. ब्लॉकमधली बोल्टची भोकं कोरडी करायची, कारण तळाशी साचलेलं तेल-पाणी दाबलं जाऊन टॉर्क खोटा दाखवतं, प्रसंगी ब्लॉकला तडा पाडतं. आवळणी मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने. अनेक आधुनिक इंजिनांचे हेड बोल्ट आवळताना मुद्दाम ताणले जातात. ते पुन्हा वापरायचे नसतात. बिलात नवे बोल्ट नसतील तर विचारा.

“वॉटर पंप गळतो, गॅस्केट बदला”

पंपाच्या अंगावर एक बारीक भोक असतं. तिथून कूलंट टपकत असेल तर गॅस्केटचा काही संबंध नाही. आतली शाफ्टची सील गेली आहे, हे सांगण्यासाठीच ते भोक ठेवलेलं असतं. ते एमसीलने बुजवणाऱ्यांना नमस्कार. पाणी मग बेअरिंगमध्ये जातं आणि पंप जाम होतो. अशा वेळी पंपच बदलावा. तो टायमिंग बेल्टवर चालत असेल तर बेल्टही त्याच वेळी बदललेला परवडतो, कारण खोलायची मेहनत तीच असते.

“कूलंट थंड देशांसाठी, आपल्याला पाणी चालतं”

प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यात डिकीत पाण्याचा डबा असायचाच. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली, ही सवय मात्र उतरलेली नाही. कूलंटमधलं ग्लायकॉल गोठण्यापासून वाचवतं हे खरं, पण ते उकळबिंदूही वाढवतं. आपल्याला त्याहून महत्त्वाची असतात त्यातली गंज रोखणारी रसायनं. ती नसली की अ‍ॅल्युमिनियम गॅस्केटच्या कडेने खात जातं, आणि बोअरच्या पाण्यातले क्षार नळ्यांत थर धरतात. अडचणीत पाणी घालून घर गाठणं वेगळं, तेच कायम चालवणं वेगळं. रंगावरून जुळणी करू नये, कारण रंगाचं कोणतंही सर्वमान्य प्रमाण नाही. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला प्रकार पाहावा.

रेडिएटरचं झाकणही याच हिशेबातलं. ते कुकरच्या शिट्टीसारखं दाब धरून ठेवतं. साधारण 1.1 बारच्या झाकणाखाली नुसतं पाणीसुद्धा 120 अंशांच्या पुढे उकळतं. लोणावळ्याच्या उंचीवर उघड्या भांड्यात ते 98 अंशांनाच उकळलं असतं. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर ढिलं पडलं की कूलंट लवकर उकळून बाहेर फेकला जातो आणि संशय गॅस्केटवर येतो. सगळ्यांत स्वस्त भाग हा, तपासला जातो सगळ्यांत शेवटी. आणि गरम असताना ते उघडायचं नाही. दाब सुटताच आतलं सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतणंही तितकंच वाईट, त्याने हेडला तडा जाऊ शकतो.

“नवं बसवलं, काम झालं”

कूलंट काढून पुन्हा भरताना आत हवा अडकते. हवेचा बुडबुडा हेडपाशी राहिला तर तिथे थंडावा पोचत नाही, आणि नव्या गॅस्केटची पहिलीच फेरी जुन्याच्या शेवटच्या फेरीसारखी होते. म्हणून हळूहळू भरायचं, हीटर गरमवर ठेवायचा, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करायचा, पंखा एक-दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवायचं. पुढचे काही दिवस सकाळी थंड इंजिनावर टाकीतली पातळी पाहायची. हवा निघते तशी ती पहिल्यांदा थोडी उतरते, मग स्थिरावली पाहिजे. यंत्रणा बंद असल्याने उन्हाने कूलंट ‘उडून’ जात नाही. आठवड्याला घटत असेल तर कुठेतरी गळतंय.

काढलेला जुना कूलंट गॅरेजच्या दारातल्या गटारात सोडू देऊ नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, आणि रस्त्यावरची कुत्री-मांजरं ते चाटतात. झाकणाच्या डब्यात भरून, टाकाऊ ऑइल नेणाऱ्याकडे वेगळं द्यायला सांगावं.